दोघांची गाडी आणि घराची गाडी

(१)

बुलढाणा जिल्ह्यांत चिखलीहून खामगांवास जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री नांवाचें गांव आहे. त्यास उदयनगर असेंहि म्हणतात. परंतु जुन्या माणसांच्या तोंडीं उंद्री हेंच नांव अजून बसलेलें आहे. चिखली तालुका घाटावरचा आणि खामगांव घाटाखालचें. वरचा कापूस खालच्या बाजारांत उतरावयाचा आणि खालचा पैसा व खालच्या नव्या वस्तू वर चढावयाच्या, हा ह्या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे.

गेल्या उन्हाळ्यांत ह्या गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं आमचें जाणें झालें. योगायोगानें त्याच दिवशीं त्या घरची जुनी मोटार विकून जावयाची होती. मोटार दोन दारांची, बुटकी, पुढें लांब नाकाची आणि मागें एकदम उतरत्या छपराची होती. पुढें दोघांनीं ऐसपैस बसावें, आणि मागें कोणी बसलेंच तर त्यानें गुडघे छातीशीं घेऊन बसावें, अशी तिची रचना. घरच्या कर्त्या पुरुषानें ती तरुणपणीं पुण्याहून आणली होती आणि वीस वर्षें पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. तिच्या जागीं आतां चार दारांची, पांच माणसांची, सामानास भरपूर जागा असलेली, परंतु पळण्यांत जुनीला हार न जाणारी अशी नवी गाडी अंगणांत उभी होती. नवी गाडी सर्वांस पसंत होती. तरीहि जुनी गाडी नेणाऱ्या गृहस्थानें किल्ली फिरविली तेव्हां ओट्यावर कोणी बोलेना. कर्ता पुरुष तर कांहीं तरी काम काढून गोठ्याकडे निघून गेला.

त्या गोठ्याच्या भिंतीस एक जुनें लांकडी चाक टेकून ठेवलेलें आहे. तें त्याच्या आजोबांच्या दमणीचें. फाटकांतून बाहेर पडणारी मोटार आणि भिंतीशीं टेकलेलें तें चाक आम्हीं एकाच वेळीं पाहिलें, आणि लक्षांत आलें कीं, हौसेची गाडी देऊन सोयीची गाडी घेण्याचा व्यवहार ह्या घरांत कांहीं पहिल्यानें होत नव्हता. सत्तर वर्षांपूर्वीं तो एकदां होऊन गेला होता. दोन्ही वेळीं घरांतून काय गेलें आणि घरांत काय आलें, ह्याचा हिशेब मांडून पाहावा असें वाटलें. प्रस्तुत लेख हा तो हिशेब.

(२)

दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या अशा मोटारीस त्या विषयांतले लोक कूपे म्हणतात. हा शब्द मराठी वाचकांस अगदींच परका नाहीं. आगगाडीच्या पहिल्या वर्गांत दोनच माणसांच्या निजण्याची सोय असलेला जो लहान खण असतो, त्यासहि कूपे असेंच नांव आहे. ह्या दोन्ही वस्तूंचें नांव एक कां, हें समजण्यास शब्दाच्या मुळाशीं गेलें पाहिजे.

कूपे हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'कापलेला' असा आहे. अठराव्या शतकांत युरोपांत बर्लिन नांवाची चार चाकांची बंदिस्त घोडागाडी प्रचारांत होती. तींत समोरासमोर दोन बांकें असत. घरचीं चार माणसें एकमेकांकडे तोंड करून बसत. पुढें कोणा हौशी कारागिराच्या मनांत आलें कीं, हिचें पुढचें बांक काढून टाकावें आणि गाडीचा तेवढा भाग कापून ती आंखूड करावी. अशी जी दोघांची आटोपशीर गाडी झाली तिला 'कापलेली बर्लिन' म्हणूं लागले, आणि कालांतरानें बर्लिन गळून नुसतें 'कापलेली' एवढेंच विशेषण नाम होऊन बसलें. घोडे गेले, यंत्र आलें. पण नांव तेंच राहिलें.

ह्या व्युत्पत्तींत त्या गाडीचें सारें मर्म सांठविलेलें आहे असें आम्हांस वाटतें. तिचा डौल, तिचा हलकेपणा, तिची चपळाई ह्या सर्वांची किंमत कोणीतरी दिलेली असते. आणि ती किंमत म्हणजे कापून टाकलेलें पुढचें बांक. त्या बांकावर ज्यांनीं बसावयाचें तीं माणसें घरीं राहतात, किंवा दुसऱ्या सावकाश वाहनांतून मागाहून येतात. गाडीची स्तुति करणारा रस्त्यावरचा माणूस तीं पाहत नाहीं, कारण तीं गाडींत नसतातच.

(३)

वऱ्हाडांत ह्या कूपेची सख्खी बहीण शोभेल अशी गाडी म्हणजे दमणी. कोठें तिला धमणी म्हणत. नागपूर-वर्ध्याकडे तिच्याच जातीच्या गाडीस रेंगी म्हणत. ओझ्याची बैलगाडी ती वेगळी. तिचें साट लांबरुंद, चाकें जड, बैल थोराड. कापूस, कडबा आणि शेणखत हा तिचा संसार. दमणी हिच्याहून अरुंद आणि हलकी. आंत गादी, पाठीशीं लोड, वर वेळूच्या कामट्यांचा टप आणि त्यावर कापड. पुढें धुरकरी, आंत मालक, आणि फार तर मालकाशेजारीं एखादा पाहुणा. ओझें वाहण्याचें काम तिला कोणी सांगत नसे, आणि सांगितलें तर तो तिचा अपमान समजला जाई.

हिचें चाक करणें ही साधी गोष्ट नव्हती. लांकूड तिवसाचें किंवा बाभळीचें, चांगलें मुरलेलें. मधला तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पाटे, आणि सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव बेतानें थोडी लहानच करीत. गोंवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवून, फुगली असतां चाकावर चढवीत, आणि लगेच पाणी ओतीत. लोखंड आकसलें कीं पाटे आणि आरे जागच्या जागीं असे घट्ट बसत कीं, खिळ्याचें कारण उरत नसे. सुतार आणि लोहार ह्या दोघांचेंहि कसब त्या एका क्षणांत पणास लागे. चाक हलकें करावें तर तें खड्ड्यांत फुटे. मजबूत करावें तर बैल दमत. हलकेपणा आणि टिकाऊपणा ह्यांचा मेळ घालण्याची जी अडचण आजच्या मोटारी करणाऱ्या शिल्पज्ञांपुढें आहे, तीच खेड्यांतल्या सुतारापुढें होती.

आणि गाडीपेक्षांहि मोल बैलांचें. विदर्भांत गवळाऊ नांवाची जी पांढरी, सडपातळ, उंच पायांची जात आहे ती पळण्याविषयीं प्रसिद्ध. मराठ्यांच्या फौजांच्या सामानाच्या गाड्यांस ह्याच जातीचे बैल असत असें सांगतात. दमणीची जोडी ओढकामास लावीत नसत. तिची वैरण निराळी, पेंड-सरकी निराळी, झूल निराळी. पोळ्याच्या दिवशीं गांवच्या तोरणाखालीं ती जोडी आली म्हणजे पोरें तिच्या नांवानें आरोळ्या देत. थंडीच्या दिवसांत शंकरपट भरत, तेव्हां हीच हौस उघड्या मैदानांत शर्यत होऊन धांवे. घागरमाळांचा आवाज तर असा ओळखीचा कीं, दमणी ओढ्याच्या पलीकडे असतांनाच अमक्याची स्वारी आली हें गांवास कळे.

ह्या वैभवाच्या मागें कापसाचा पैसा उभा होता. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. पुढें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हां सर्व व्यापाऱ्यांचे डोळे ह्या काळ्या मातीकडे वळले. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली; १८७० मध्यें जलंबपासून खामगांवपर्यंतचा फांटा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते उघडण्यांत आला, आणि खामगांवचा बाजार सातासमुद्रांपलीकडच्या भावाशीं बांधला गेला. घाटावरच्या कास्तकाराच्या हातीं रोख पैसा खेळूं लागला. त्या पैशाचें पहिलें उघड रूप पाटील-देशमुखांच्या दारांत दिसे. एक वाड्याची माडी, आणि दुसरी दमणी.

परंतु आपल्या हिशेबांतला प्रश्न येथेंहि विचारला पाहिजे. दमणींत कोण बसे? कोर्टकचेरीस मालक जाई, सोयरिकीच्या बोलण्यास मालक जाई, पटास आणि बाजारास मालकच जाई. देऊळगांव राजाच्या बालाजीच्या यात्रेस किंवा शेगांवास घरचीं सर्व माणसें निघालीं म्हणजे बायका, मुलें आणि म्हातारींकोतारीं ओझ्याच्या गाडींत कडब्यावर सतरंजी टाकून बसत आणि दमणी पुढें निघून जाई. बाईमाणसाच्या वांट्यास दमणी आलीच तर ती सासरीं येतांना किंवा माहेरीं जातांना, आणि तीहि पडदे सोडून. घागरमाळांचा आवाज ऐकावयाचा, हादरे सोसावयाचे, आणि रस्ता कसा आहे तें मात्र पाहावयाचें नाहीं. दमणीच्या वेगाचा हा दुसरा भाग जुन्या आठवणींत फारसा येत नाहीं, कारण त्या आठवणी बहुतेक आंत लोडाला टेकून बसणारांनीं सांगितलेल्या असतात.

(४)

दमणी कशी गेली ह्याविषयीं एक गोड समजूत आहे. मोटार आली आणि तिच्या वेगापुढें बैल हरले, असें आपण सहज म्हणून जातों. वस्तुस्थिति थोडी निराळी आहे.

मोटारी ह्या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभापासून हिंदुस्थानांत होत्या. त्यांजविषयींचा पहिला अखिल हिंदुस्थानचा कायदा १९१४ चा. १९२८ मध्यें जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीनें मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. १९४७ मध्यें महिंद्रांनीं मुंबईंत विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला. परंतु ह्या गाड्या घाटावरच्या एका खेड्यांत किती येणार? दमणी असलेल्या दहा घरांतल्या एकाच्या दारीं जीप आली असेल तर पुष्कळ झालें. उरलेल्या नऊ घरांच्या दमण्या तरीहि गेल्याच.

त्या गेल्या सार्वजनिक मोटारीमुळें. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर अशी मुंबई राज्याची पहिली एस. टी. धांवली. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांतांत होतें व त्या प्रांताची वाहतूक निराळी होती. १९५६ च्या पुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला आणि पुढें ती वाहतूकहि एकत्र आली. १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. रस्ते पक्के होत गेले तशी गाडी तालुक्याच्या गांवाहून खेड्याच्या पारापर्यंत येऊं लागली. कांहीं आण्यांचें तिकीट काढलें कीं मालकासहि जागा आणि त्याच्या गड्यासहि जागा. सुनेस जागा आणि तिच्या सासूसहि जागा. जोडीला खाऊं घालून वर्षांतून पन्नास वेळां तालुक्यास जाणें, हें त्या तिकिटापुढें परवडेना.

ओझ्याची बैलगाडी मात्र राहिली. तिला रबरी टायर आले, लोखंडी आंस आला, आणि ती आणखी कित्येक वर्षें शेतांत राबली. दोन भावंडांपैकीं देखणें होतें तें आधीं गेलें आणि कामाचें होतें तें टिकलें. दमणीस वेगानें हरविलें नाहीं. घरांतल्या ज्या माणसांस तिच्यांत जागा नव्हती, त्यांना दुसरीकडे जागा मिळाली आणि ती हरली. महाराष्ट्रांत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस. टी.चें भाडें निम्में झालें. त्यानंतरच्या गर्दीच्या दिवशीं एखाद्या थांब्यावर उभें राहून पाहिलें तर ही गोष्ट कोणासहि पटेल.

(५)

हीच कथा पुढें मोटारीच्या आपसांत घडली. तिच्यांतलीं दोन-तीन उदाहरणें वाचकांपुढें ठेवतों.

अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९५५ सालीं थंडरबर्ड नांवाची दोन आसनांची गाडी काढली. ती इतकी लोकप्रिय झाली कीं, आजहि जुन्या मोटारींचे संग्राहक तिच्यासाठीं जीव टाकतात. तरीहि तीनच वर्षांत, १९५८ सालीं, कंपनीनें तिच्या मागें आणखी एक बांक घालून ती चौघांची केली. हा निर्णय घेणाऱ्यांत रॉबर्ट मॅक्नमारा होते. हेच पुढें अमेरिकेचे संरक्षणमंत्री आणि जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. रसिकांनीं हळहळ केली. परंतु चौघांची थंडरबर्ड पहिल्या वर्षींच दोघांच्या गाडीपेक्षां पुष्कळ अधिक खपली. लोकांस ती गाडी हवी होतीच. घरच्या मुलांस कोठें बसवावें हें मात्र त्यांना सुचत नव्हतें.

आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें १९६१ पासून हेराल्ड ही गाडी काढली. मूळची विलायती, रेखाटन मिकेलोत्ती ह्या इटालियन कलावंताचें, दारें दोन. विलायतेंत ती शेवटपर्यंत दोन दारांचीच राहिली. हिंदुस्थानांत मात्र १९६८ मध्यें तिला चार दारें झालीं. त्याच काळांत कुर्ल्याची फियाट ११०० ही चार दारांची गाडी मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढें होती. १९५४ पासून ती निघत असे आणि पुढें १९७४ पासून पद्मिनी ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावयाची आणि गाडी आली म्हणजे आजोबा, आई, आत्या आणि पोरें अशीं सर्वांनीं तींत मावावयाचें, हा त्या काळचा परिपाठ. वृद्ध माणसास लुगडें किंवा धोतर सांवरीत पुढची खुर्ची वांकवून मागें शिरावयास लावणारी गाडी ह्या देशांत फार दिवस चालणें शक्यच नव्हतें. पुढें गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत सॅन स्टॉर्म नांवाची दोन आसनांची उघडी गाडी तयार झाली. ती गोजिरवाणी होती, परंतु फारशी खपली नाहीं.

ह्यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, शेवटीं सोय जिंकते आणि हौस मरते. तें अनुमान घाईचें होईल. १९७५ सालीं जर्मनींत फोक्सवॅगन कंपनीच्या कांहीं माणसांनीं एक निराळाच विचार केला. घरगुती, चौकोनी, मागें मोठें दार असलेली गोल्फ ही त्यांची गाडी. तिच्यांत त्यांनीं ११० अश्वशक्तीचें यंत्र बसविलें, तिचे स्प्रिंग आंवळले, आणि ती बाजारांत आणली. ठरविल्या होत्या पांच हजार; खपल्या त्याच्या कित्येक पटींनीं. बाजारहाट करणारी गाडी डोंगरी रस्त्यावर शर्यतीच्या गाडीच्या मागोमाग धांवूं शकते, हें त्या दिवसापासून जगास कळलें. आणि ही गोष्ट आपल्या शेजारींहि घडली आहे. बुलढाण्याच्या पश्चिमेस, त्या वेळच्या औरंगाबादजवळ शेंद्रें येथें, स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ मध्यें सुरू झाला. तेथेंच २००४ च्या सुमारास ऑक्टेव्हियाचा जो वेगवान प्रकार निघूं लागला त्यांत १५० अश्वशक्ति होती, आणि मागें सबंध बिऱ्हाड मावेल एवढी जागाहि होती. कापून टाकलेलें बांक परत बसवूनहि गाडी पळूं शकते, हें दोनशें वर्षांनीं सिद्ध झालें, एवढाच ह्याचा अर्थ.

सोय ह्या शब्दांत जागेबरोबर जिवाची काळजीहि येते. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा निल्स बोलिन ह्या स्वीडिश शिल्पज्ञानें व्होल्व्हो कंपनीसाठीं १९५९ मध्यें योजिला. हवेच्या पिशव्या त्याच्याहि पुष्कळ नंतरच्या. बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर १ जुलै १९२३ नव्हे, अगदीं कालपरवांच्या २०२३ च्या १ जुलैस, सिंदखेड राजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्यु पावले. वेग आतां थोड्या हौशी माणसांचा राहिला नसून सर्वांच्या वांट्यास आला आहे, तेव्हां त्याबरोबर सर्वांचें रक्षणहि आलें पाहिजे. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरानें जुन्या देखण्या गाडीपेक्षां नवी सुरक्षित गाडी निवडली, तर त्यास अरसिक म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं.

(६)

मग ओट्यावर कोणी बोलेना तें कां? हिशेबाची दुसरी बाजू न मांडली तर हा लेख एकांगी होईल. अशा अदलाबदलींत खरोखरच कांहीं हरवतें, आणि जें हरवतें तें परत येत नाहीं.

दमणीबरोबर तिवसाचें लांकूड पारखणारी नजर गेली. धाव चढविण्याचा नेमका क्षण ओळखणारा हात गेला. जोडीच्या कानांच्या हालचालीवरून तिचा मनोदय समजणारा धुरकरी गेला. गवळाऊ बैल आतां टिकवून धरावा लागतो. वर्धा जिल्ह्यांत हेटीकुंडी येथें त्यासाठीं सरकारी केंद्र आहे. पळणारा बैल कामांतून गेला आणि केवळ पटाच्या मैदानांत उरला. आणि तेथेंहि त्याचा प्रवास न्यायालयांतून झाला. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें कायदा बदलला. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो बदल मान्य केला. जनावरास वेदना होऊं नये हें म्हणणें जितकें खरें, तितकेंच पटाची जोडी जपणाऱ्या शेतकऱ्याचें प्रेमहि खरें. परंतु उपयोग सुटला कीं आवडती वस्तु एक तर पुराणवस्तु होते नाहीं तर उत्सव होते, हा नियम येथेंहि दिसून आला.

जुन्या मोटारीचेंहि तसेंच. तिचें यंत्र थंडींत कसें चालू करावें, चढावर कोठें दम द्यावा, कोणत्या आवाजास घाबरावें आणि कोणत्यास घाबरूं नये, हें तिच्या धन्यास कानानें कळे. नवी गाडी स्वतःचें दुखणें स्वतःच कांचेच्या पाटीवर लिहून दाखविते. धन्यानें तिला ओळखण्याचें कारण उरत नाहीं. जुनीची काळजी घ्यावी लागे, म्हणून तिच्यावर जीव जडला होता. जी वस्तु आपल्यावांचून अडते तिच्यावर माणसाचा लोभ अधिक बसतो. बैलावर बसे तो ह्याच कारणानें. आमच्या स्नेह्याचें गोठ्याकडे निघून जाणें आम्हांस ह्यामुळें दुबळेपणाचें वाटलें नाहीं. वीस वर्षांच्या सहवासानंतर तेवढेंहि झालें नसतें तर तो माणूस चांगल्या गाडीस अपात्रच म्हणावयाचा.

(७)

आतां ह्या हिशेबाची शेवटची ओळ. ती आम्हीं लिहिली नाहीं. त्या घरच्या आजीबाईंनीं लिहिली.

आजीबाई नव्वदीच्या घरांतल्या. वीस वर्षें जुनी मोटार अंगणांत उभी होती, परंतु त्या तींत एकदांहि बसल्या नव्हत्या. पुढची जागा इतकी खालीं कीं उठवत नसे, आणि मागें शिरणें तर अशक्य. शेगांवास जावयाचें म्हणजे त्या एस. टी.नें, नाहीं तर भाड्याच्या गाडीनें जात, आणि नातू मागाहून आपल्या गाडीनें येई. जुनी गाडी गेली त्याच दिवशीं दुपारीं नातवानें त्यांना नव्या गाडींत पुढें बसविलें, पट्टा बांधला, आणि आम्ही सर्व मागें बसलों. खामगांवच्या रस्त्यास लागून मोकळा पट्टा मिळाला तेव्हां त्यानें गाडी थोडी सोडली. दोन्ही बाजूंचीं निंबाचीं झाडें झपाट्यानें मागें जाऊं लागलीं. म्हातारीला भीति वाटेल म्हणून त्यानें लगेच वेग कमी केला, तेव्हां आजीबाई समोरच्या कांचेंतून दृष्टि न काढतां म्हणाल्या :

"बापू, कमी काहून केली? हे तं आपल्या दमणीवानी पयते!"

मग थोड्या वेळानें त्यांनीं सांगितलें कीं, लग्न होऊन उंद्रीस आल्या त्या त्याच दमणींतून, ह्याच बाजूच्या वाटेनें. पडदे सोडलेले होते. बैल फार पळत होते एवढें मात्र कळलें. रस्ता दिसला नाहीं.

नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें गाडी पुन्हां थोडी सोडली, आणि शेगांव येईपर्यंत आजीबाई पुढें पाहत बसल्या होत्या.